कांदाचाळ कोणत्या बटणाखाली?

संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावरची एखादी सेवा वापरायला सोपी आहे की अवघड, याची चर्चा बहुधा रंग, अक्षरांचा आकार आणि बटणांची जागा यांभोवती फिरते. परंतु वापरणारा माणूस त्याच्या बराच आधी अडलेला असतो. हवी ती गोष्ट समोर दिसणाऱ्या चार-सहा नावांपैकी कोणत्या नावाखाली ठेवलेली असेल, याचा अंदाज त्याला बांधावा लागतो, आणि तो अंदाज चुकला की पुढची सगळी सुबक मांडणी त्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच होते. योजनांची, दाखल्यांची किंवा वस्तूंची केलेली गटवारी लोकांना कितपत उमगते, हे प्रत्यक्ष माणसांकडून तपासून घेण्याच्या ठरीव पद्धती गेल्या तीस-चाळीस वर्षांत तयार झाल्या आहेत. खरेदीची संकेतस्थळे आणि बँकांची ॲप त्यांचा उपयोग करून घेतात. त्यांची खरी निकड मात्र जिथे चुकीचे बटण दाबल्याची किंमत अख्ख्या हंगामाएवढी असू शकते तिथे, म्हणजे बीडसारख्या जिल्ह्यात आहे.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या ९२४१-११ या मानकात वापरसुलभतेची व्याख्या तीन कसोट्यांवर केली आहे: ठरावीक लोकांना, ठरावीक परिस्थितीत, आपले काम पूर्ण करता येते का, त्यासाठी किती वेळ आणि श्रम लागतात, आणि काम झाल्यावर त्यांचे समाधान होते का. या व्याख्येतले ‘ठरावीक लोक’ आणि ‘ठरावीक परिस्थिती’ हे शब्द सहज नजरेआड होतात. पुण्यातल्या कार्यालयात बसलेल्या अभियंत्याला जी मांडणी सरळ वाटते, ती आष्टी किंवा शिरूर कासार तालुक्यातल्या शेतकऱ्यालाही सरळ वाटेल असे गृहीत धरणे म्हणजे या व्याख्येचा अर्धा भाग वगळणे होय. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५.८५ लाख आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७७ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते ६८ टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांच्यासाठी सरकारी सेवांचे पडदे तयार होतात त्यांत वाचता न येणारे, अडखळत वाचणारे आणि वाचता येत असूनही शासकीय मराठीची सवय नसलेले असे अनेक थरांतले लोक आहेत, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

प्रश्न नेमका कसा उभा राहतो, हे कांदाचाळीच्या उदाहरणावरून दिसते. आष्टी तालुक्यात कांदा घेतला जातो, आणि काढणीच्या वेळी भाव पडलेला असेल तर तो काही महिने टिकवण्यासाठी हवा खेळती राहील अशी चाळ बांधणे हा शेतकऱ्यापुढचा सर्वांत व्यवहार्य मार्ग असतो. या बांधकामाला सरकारी अनुदान मिळते आणि त्यासाठी महाडीबीटी या पोर्टलवर अर्ज करावा लागतो. ‘अर्ज एक, योजना अनेक’ हे या पोर्टलचे ब्रीद आहे आणि त्यामागचा हेतू निःसंशय चांगला आहे, कारण पूर्वी प्रत्येक योजनेसाठी वेगळा कागद घेऊन वेगळ्या टेबलापुढे उभे राहावे लागे. पोर्टलच्या मांडणीत शेतकरी योजनांसाठी ‘कृषी यांत्रिकीकरण’, ‘सिंचन साधने व सुविधा’, ‘बियाणे, औषधे व खते’ आणि ‘फलोत्पादन’ असे मुख्य वर्ग ठेवले गेले. कांदाचाळ यांपैकी ‘फलोत्पादन’ या वर्गात येते. शासनाच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. फळांबरोबर भाज्या, फुले आणि मसाल्याची पिकेही फलोत्पादन विभागाच्या कक्षेत येतात, कांदा त्यात बसतो, आणि चाळीचा निधी फलोत्पादन अभियानातून येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र कांदा हे फळ नव्हे आणि चाळ बांधणे हे उत्पादनही नव्हे. ती साठवण आहे, बांधकाम आहे. ज्या मनुष्याच्या डोक्यात ‘माल ठेवायला जागा’ हा विचार आहे, त्याला त्या चार नावांपैकी एकही आपले वाटत नाही.

शेततळ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. एकट्या शेतकऱ्याचे वैयक्तिक शेततळे सिंचनाच्या वर्गात सापडते, तर काही शेतकऱ्यांनी मिळून करायचे सामूहिक शेततळे फलोत्पादन अभियानातून दिले जाते. खोदाई तीच, पाणी तेच, प्लास्टिकचे अस्तर तेच. केवळ पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येतो त्यावरून वर्ग बदलतो. २०२५ पासून या पोर्टलवरची निवड सोडतीऐवजी आधी अर्ज करणाऱ्याला आधी लाभ या तत्त्वावर होऊ लागली, आणि त्यामुळे योग्य वर्ग शोधण्यात गेलेले दिवस हा निव्वळ गैरसोयीचा विषय राहिलेला नाही. ज्याला जागा लवकर सापडली तो रांगेत पुढे गेला, ज्याला सापडली नाही तो मागे राहिला, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

अशा मांडणीला या क्षेत्रात झाड म्हणतात. वरती मूळ, त्याखाली मुख्य वर्ग, त्यांच्या फांद्यांवर उपवर्ग आणि टोकाला प्रत्यक्ष योजना किंवा दाखला, असे ते उलटे झाड असते, आणि ते माणसांकडून तपासण्याच्या पद्धतीला ट्री टेस्टिंग, म्हणजे वृक्षचाचणी, असे नाव आहे. ऑस्ट्रेलियातील माहितीरचनेच्या अभ्यासक डोना स्पेन्सर यांनी २००३ साली ही पद्धत कागदी कार्डांच्या रूपात मांडली आणि पुढे न्यूझीलंडमधील ऑप्टिमल वर्कशॉप या कंपनीने तिचे संगणकीय साधन बाजारात आणले. चाचणीत रंग, चित्रे, बटणांचे आकार आणि शोधपेटी या सगळ्यांना बाजूला ठेवले जाते. उरतात ती फक्त वर्गांची नावे आणि त्यांची उतरंड. सहभागी व्यक्तीला एक काम सांगितले जाते आणि ते पूर्ण करण्यासाठी कोणत्या नावाखाली जाल, असे टप्प्याटप्प्याने विचारले जाते. व्यक्तीने एक नाव निवडले की त्याखालच्या नावांचे कार्ड पुढे येते. मन बदलले तर मागे फिरण्याची मुभा असते. शेवटी ‘इथे सापडेल’ असे तिने म्हटले की ते काम संपते.

सगळी कळ काम सांगण्याच्या शब्दांत असते. ‘कांदाचाळीची योजना शोधा’ असे सांगितले तर सहभागी व्यक्ती ‘कांदाचाळ’ हे अक्षर-चित्र जुळवत खाली-वर करील आणि चाचणीतून काहीच कळणार नाही. त्याऐवजी ‘कांदा काढला आहे, भाव येईपर्यंत तो ठेवायला जागा बांधायची आहे, सरकारची मदत कुठे मिळेल ते दाखवा’ असे गरजेच्या भाषेत सांगावे लागते, आणि वर्गाच्या नावातला एकही शब्द त्यात येऊ द्यायचा नसतो. पडद्यावरचा शब्द प्रश्नातच आला तर उत्तर फुटलेल्या प्रश्नपत्रिकेसारखी चाचणीची गत होते.

चाचणीचे निकाल केवळ ‘सापडले’ आणि ‘सापडले नाही’ एवढ्यावर मोजले जात नाहीत. समजा, चाळीस जणांना वरील काम दिले आणि त्यांपैकी वीस जण अखेर फलोत्पादनात पोहोचले, तर यशाचे प्रमाण निम्मे झाले. पण त्या विसांपैकी पंधरा जण आधी यांत्रिकीकरणात आणि मग सिंचनात जाऊन, तिथे काही न सापडल्यामुळे परत फिरून तिथे आले असतील, तर थेट यश मिळालेले लोक पाचच राहतात. उरलेले पंधरा जण नाव समजल्यामुळे नव्हे, तर बाकीचे पर्याय संपल्यामुळे पोहोचले. चाचणीच्या नोंदीत हे परतणे स्पष्ट दिसते, आणि जे वीस जण चुकले ते कुठे गेले हेही दिसते. चुकलेले सगळे एकाच ठिकाणी गेले असतील तर तो सुदैवाचा भाग मानावा, कारण लोकांच्या मनातली जागा आयतीच कळते. ते चारी दिशांना पांगले असतील तर मात्र एकही नाव त्यांना वाट दाखवत नाही असे समजून सगळी गटवारी नव्याने करावी लागते. पहिल्या निवडीला विशेष महत्त्व दिले जाते. बॉब बेली आणि कॅरी वुल्फसन यांनी २००९ साली मांडलेल्या अभ्यासात, ज्यांची पहिली क्लिक बरोबर होती त्यांचे काम ८७ टक्के वेळा पूर्ण झाले आणि ज्यांची पहिली क्लिक चुकली त्यांचे ४६ टक्के वेळाच पूर्ण झाले, असे आढळले. पहिल्या पडद्यावरच्या चार-सहा शब्दांवर किती भार असतो, हे यावरून उमजते.

शोधपेटी दिली की वर्गांची उठाठेव कशाला, असा आक्षेप येथे घेतला जातो आणि तो वरवर पाहता रास्त वाटतो. परंतु जॉर्ज फर्नास, थॉमस लँडाउर, लुई गोमेझ आणि सुझन ड्युमे यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या आशेला मर्यादा घातली. एकाच वस्तूला किंवा कृतीला दोन माणसांनी आपापल्या मनाने नाव दिले, तर ते नाव एकच असण्याची शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी असते, असे त्यांनी दाखवून दिले. बीडमध्ये या अडचणीला आणखी पदर आहेत. जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि जमिनीच्या कागदांचे जुने शब्द अजून लोकांच्या तोंडी आहेत. वयस्कर माणूस खासरा म्हणतो, मधल्या पिढीतला सातबारा म्हणतो, आणि संगणकाच्या नोंदीत ‘गाव नमुना सात’ असते. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प संस्थेत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला स्वरचक्र हा कळफलक २०१३ साली आल्यापासून मोबाईलवर मराठी लिहिणे पुष्कळ सुकर झाले, ही या विषयातली मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी कामगिरी आहे. तरीही लिहिलेला शब्द यंत्राच्या शब्दाशी जुळला नाही तर शोधपेटी रिकाम्या हाताने परत पाठवते.

वृक्षचाचणीने दोष कळतो. चांगली गटवारी कशी करावी हे सांगण्यासाठी तिची जोडीदार असलेली कार्ड सॉर्टिंग ही पद्धत वापरतात. योजनांची किंवा सेवांची नावे एकेका कार्डावर लिहून तो गठ्ठा लोकांपुढे ठेवला जातो आणि जे एकत्र राहावे असे वाटते ते एकत्र ठेवा, मग प्रत्येक ढिगाला तुमच्या मनाने नाव द्या, असे सांगितले जाते. याकोब निल्सन आणि डॅरेल सॅनो यांनी १९९४ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळासाठी ही पद्धत वापरली आणि ती पुढे रूढ झाली. कृषी खात्याच्या चाळीस योजनांची अशी कार्डे केज किंवा धारूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांसमोर पसरली, तर त्यांच्या ढिगांची नावे ‘पाणी’, ‘अवजारे’, ‘माल ठेवणे आणि विकणे’, ‘जनावरे’, ‘नुकसान झाल्यावर’ अशा वळणाची असतील असा अंदाज सहज बांधता येतो. हा अंदाजच आहे आणि चाचणी नेमकी अशा अंदाजांची परीक्षा घेण्यासाठी असते. कार्यालयाचा अंदाज तपासून पाहायचा आणि लेखकाचा मात्र तसाच स्वीकारायचा, हे न्यायाचे होणार नाही.

वर्ग चुकल्याने काय होते, याचा सर्वांत बोलका नमुना पीकविम्याने पुरवला आहे. विमा क्षेत्रात बीडचे नाव २०२० च्या खरिपापासून घेतले जाते, कारण नुकसानभरपाई विमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याने उचलायचा आणि ती ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने ठरावीक वाटा ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची, हा ‘बीड पॅटर्न’ तिथेच प्रथम राबवला गेला. आर्थिक गणिताची एवढी बारकाईने आखणी झाली, तेवढी शेतकऱ्याच्या पडद्याची झाली नाही. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात भरपाई पीककापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पन्नावर आधारली गेली. त्यापूर्वी वैयक्तिक नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागे, आणि ती देताना नुकसान कशामुळे झाले व पीक कोणत्या अवस्थेत होते हे ठरलेल्या पर्यायांतून निवडावे लागे. स्थानिक आपत्तीत गारपीट, भूस्खलन, शेत जलमय होणे, ढगफुटी आणि वीज पडून लागलेली आग अशी कारणे होती. काढणीनंतरच्या नुकसानीचा कप्पा वेगळा होता. त्यात सुकवण्यासाठी शेतात पसरवून ठेवलेल्या पिकाला चौदा दिवसांपर्यंत गारपीट, चक्रीवादळ आणि अवकाळी पाऊस यांपासून संरक्षण होते.

आता सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या सोयाबीनचे चित्र पाहावे. अर्धे रान कापून झालेले आहे, काही पेंढ्या वावरात पसरलेल्या आहेत, काहींची गंजी लागलेली आहे, उरलेले पीक उभे आहे, आणि दोन रात्री धो-धो पाऊस पडून सगळ्यात पाणी शिरले आहे. शेतकरी याला अतिवृष्टी म्हणतो, कारण गावात, वर्तमानपत्रात आणि महसूल खात्याच्या पंचनाम्यातही तोच शब्द असतो. विम्याच्या नियमाला मात्र पाऊस किती पडला यापेक्षा शेत जलमय झाले का, ढगफुटी झाली का, की कापलेल्या मालावर अवकाळी पाऊस आला, हा भेद हवा असे. एकाच गट नंबरात तिन्ही स्थिती असताना एक पर्याय निवडण्यास सांगणे, तेही ७२ तासांची घटका भरत असताना आणि रेंज येत-जात असताना, म्हणजे विमा कायद्याच्या जाणकाराचे काम चिखलात उभ्या असलेल्या माणसावर टाकणे होते. ‘दोन रात्री पाऊस झाला, कापलेल्या सोयाबीनखाली पाणी साचले आहे, नुकसान कळवायचे आहे’ एवढे एक काम घेऊन पन्नास शेतकऱ्यांकडून या पर्यायांची कागदावर चाचणी घेतली असती, तर गोंधळ कोणत्या दोन शब्दांमध्ये आहे ते हंगामाच्या आधीच समजले असते. ती घेण्याला ना सर्व्हर लागतो ना निविदा.

ई-पीक पाहणीच्या ॲपमध्येही जुन्या नोंदवहीची सावली दिसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या उपक्रमात आपला पीकपेरा आपण नोंदवण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला, आणि तलाठ्याच्या सवडीवरचे त्याचे अवलंबित्व कमी झाले ही मोलाची गोष्ट आहे. पण नोंद करताना पीक निर्भेळ आहे की मिश्र, हे त्याला प्रथम ठरवावे लागले, कारण गाव नमुना बाराच्या रकान्यांत ही विभागणी पूर्वीपासून आहे. सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ टाकणे ही मराठवाड्यातली सर्रास रीत असून शेतकरी तिला आंतरपीक म्हणतो. सोयाबीन हे त्याचे मुख्य पीक असते आणि तूर त्यातली जोड. तो ते मिश्र या कप्प्यात टाकील की निर्भेळमध्ये सोयाबीन लिहून तूर सोडून देईल, यावर पुढे विमा आणि हमीभावाच्या खरेदीची नोंदणी अवलंबून राहू शकते.

या सगळ्या उदाहरणांत एक समान दोष आहे. गटवारी माणसाच्या गरजेवरून न होता कार्यालयाच्या रचनेवरून होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला आणि त्याबरोबर ‘आपले सरकार’ हे पोर्टल नागरिकांसाठी खुले झाले; तिथे उत्पन्नाचा दाखला हवा असेल तर आधी महसूल विभाग, मग महसूल सेवा, असे उतरावे लागते, आणि ग्रामपंचायतीतून मिळणारा जन्माचा दाखला ग्रामविकास विभागाखाली असतो. दाखला कोणते खाते देते हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच ही वाट सरळ वाटते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहांचे उदाहरण याहून अधिक अस्वस्थ करणारे आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मुलांची शाळा मध्येच सुटते, आणि ही गळती थांबावी म्हणून २०२१ मध्ये ही योजना आणली गेली. ती सामाजिक न्याय विभागाकडे आहे. आईबाप मात्र तिचा शोध शाळेच्या किंवा कामगारांच्या सदराखाली घेणार, कारण त्यांच्या समोरचा प्रश्न मुलाच्या शाळेचा आहे आणि त्यांची स्वतःची ओळख कामगार ही आहे.

यावर उपाय सुचवताना फार दूर जाण्याची गरज नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते, आणि १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात एकाच विषयाकडे अनेक अंगांनी पाहण्याची सोय आहे. पुस्तक कपाटात एकाच जागी राहू शकते, म्हणून ग्रंथपालांनी एका पुस्तकाची अनेक तालिकापत्रे करून वाचकाला लेखक, विषय किंवा ग्रंथनाम अशा कोणत्याही वाटेने तिथे पोहोचवले. पडद्यावर तर कपाटाचीही अडचण नाही. कांदाचाळ फलोत्पादनाखाली ठेवून ती ‘साठवण’ या वाटेनेही सापडेल असे करणे, वसतिगृह सामाजिक न्यायाखाली ठेवून शिक्षण आणि कामगार या दोन्ही दारांतून तिथे नेणे, यात लेखाशीर्ष बदलत नाही, निधी हलत नाही आणि कोणत्याही खात्याच्या अधिकाराला धक्का लागत नाही. इतकी सोपी गोष्ट होत नाही याचे कारण ती अवघड आहे हे नसून, माणूस कोणत्या दारावर थांबला हे कोणी पाहिलेले नाही, हे आहे.

दारे किती आणि पायऱ्या किती, हा दुसरा प्रश्न उरतो. पहिल्या पडद्यावर मोजकी नावे ठेवली की सोपे होते असा समज आहे. परंतु नावे कमी केली की प्रत्येकाखालची उतरंड खोल होत जाते. मायक्रोसॉफ्टमधील केव्हिन लार्सन आणि मेरी झेरविन्स्की यांनी १९९८ साली ५१२ नोंदींची गटवारी वेगवेगळ्या प्रकारे करून पाहिली, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर आठच पर्याय असलेली तीन पायऱ्यांची मांडणी लोकांना सर्वांत जास्त वेळ घेणारी ठरली, आणि दोनच पायऱ्यांच्या पण रुंद मांडणीत त्यांना लवकर सापडले. बीडच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामध्ये झाले. इंद्राणी मेधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली असे दाखवले, की कमी शिकलेल्या लोकांना अक्षरांऐवजी चित्रे दिली तरीही उतरंडीची मांडणी अवघडच जाते आणि एका सपाट यादीतून शोधणे त्यांना तुलनेने जमते. अडचण केवळ वाचनाची नसून ‘या वर्गाच्या पोटात आणखी वर्ग असतील’ या अमूर्त कल्पनेची आहे. त्यामुळे बटणावर ट्रॅक्टरचे किंवा कांद्याचे चित्र लावले म्हणजे निरक्षरांची सोय झाली, ही समजूत टिकत नाही. फोनवर ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ असे सांगणाऱ्या सेवाही झाडच असतात, आणि ऐकलेला पहिला पर्याय सहावा पर्याय येईपर्यंत विसरला जात असल्याने तिथे फांद्या आणखी बेताने वाढवाव्या लागतात.

या त्रुटी इतकी वर्षे झाकून राहण्याचे एक कारण आपले सरकार सेवा केंद्रे हे आहे. गावोगावचे केंद्रचालक रोज तेच अर्ज भरून सगळ्या वाटा पाठ करून बसलेले असतात. माणूस येऊन ‘कांद्याच्या चाळीचं बघा’ म्हणतो आणि चालक दोन मिनिटांत योग्य पानावर पोहोचतो. त्यांची सेवा गरजेची आहे आणि पुष्कळांना तिचाच आधार आहे. परंतु भरलेल्या अर्जांच्या आकड्यांकडे पाहून पोर्टल लोकांना वापरता येते असा निष्कर्ष काढला, तर तो चालकाच्या स्मरणशक्तीवरून काढलेला निष्कर्ष ठरेल. म्हणून चाचणीतल्या सहभागी व्यक्तींमध्ये केंद्रचालक नसावेत. त्यांना वेगळे बसवून ‘लोक येऊन काय शब्दांत मागतात’ एवढेच विचारावे, कारण वर्गांना द्यायच्या नावांचा त्यांच्याइतका भरवशाचा साठा दुसऱ्या कोणाकडे नाही.

गावात चाचणी घेताना काही पथ्ये पाळावी लागतात. चावडीवर किंवा पारावर कार्डे मांडली की भोवती माणसे जमतात आणि एकाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पाच जण देतात, म्हणून सहभागी व्यक्तीला एकट्याने बसता येईल अशी ग्रामपंचायतीची किंवा शाळेची खोली घ्यावी, आणि घरातला मोबाईल हाताळणारा मुलगा आईच्या खांद्यावरून वाकून बोट दाखवणार नाही याची काळजी घ्यावी. वाचता न येणाऱ्यांना पर्याय सावकाश, एकाच सुरात, क्रम बदलत वाचून दाखवावेत. ‘ही परीक्षा तुमची नाही, या कागदाची आहे’ हे आरंभीच सांगावे लागते आणि तरीही ते पुरेसे नसते; पाहुण्याला वाईट कसे वाटू द्यायचे, या भावनेने लोक चांगलेच बोलतात. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली बंगळूरमध्ये केलेल्या अभ्यासात, विचारणाऱ्यानेच एखादे साधन तयार केले आहे असे वाटले तर लोक त्याला अडीच पट अधिक पसंती देतात, असे आढळले. ‘मांडणी कशी वाटली’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच फारसे मोलाचे नाही. माणसाचे बोट कोणत्या कार्डावर गेले, ते किती वेळ अडले आणि कुठून परत फिरले, या नोंदी मोलाच्या. नावे बदलल्यावर चाचणी पुन्हा घ्यावी लागते, आणि तीही नव्या माणसांकडून, कारण आधीच्यांना आता वाट माहीत झालेली असते.

राहता राहिला तो काळाचा प्रश्न, आणि बीडमध्ये तो दुय्यम नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमांच्या टोळ्या निघाल्या की पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर या भागांतली कितीतरी घरे कुलूपबंद होतात आणि मागे म्हातारी माणसे व लहान मुले उरतात. डिसेंबरात घेतलेल्या चाचणीत ऊसतोड कामगार सापडणार नाहीत, आणि सापडलेल्यांच्या उत्तरांवरून बेतलेली गटवारी पुन्हा त्यांच्याशिवायच पक्की होईल. पट्टा पडून, म्हणजे कारखान्यांचे गाळप संपून, टोळ्या परतल्यानंतर मृगाच्या पेरणीची धांदल सुरू होईपर्यंतचे उन्हाळ्यातले पाच-सहा आठवडे हे या कामासाठी सर्वांत योग्य ठरतात. खरिपाचे अर्ज, पीकविमा आणि वसतिगृहांचे प्रवेश हे सगळे त्यानंतर लगेच सुरू होत असल्याने, एप्रिल-मे महिन्यात कागदावर सापडलेली चूक जूनमध्ये पडद्यावर दुरुस्त करायला तेवढाच अवधी मिळतो.